सूचनापेटी भिंतीवरून काढा

आदरणीय सर,

मी एका तालुक्याच्या गावातल्या अनुदानित महाविद्यालयात गेल्या जूनपासून प्राचार्य आहे. संस्थेबाहेरून आले. आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं की नव्या कल्पना घेऊन या, माझं दार उघडं आहे. ऑफिसबाहेर ‘नवकल्पना पेटी’ लावली. आठ महिन्यांत चार चिठ्ठ्या निघाल्या. दोन कोऱ्या, एक स्टाफरूमच्या पंख्याबद्दल आणि एक निनावी. तिच्यात एवढंच लिहिलं होतं: ‘आधीच्यांचं काय झालं?’ स्टाफ मीटिंगमध्ये मी काही विचारलं की सगळे माना खाली घालतात. निम्म्याहून जास्त शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत, ते तर मीटिंगला येतच नाहीत.

फेब्रुवारीत एक प्रसंग घडला. रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांनी प्रॅक्टिकलमध्ये कमी रसायनं वापरण्याची पद्धत बसवली आहे. त्यावर त्यांनी परिषदेत निबंध वाचला, आयक्यूएसीने, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाने, ती ‘उत्तम पद्धती’ म्हणून अहवालात घातली. मी भर मीटिंगमध्ये त्यांचं अभिनंदन केलं. टाळ्या जेमतेम वाजल्या. नंतर हेडक्लार्कनी दार लावून घेऊन सांगितलं की ती कल्पना त्याच विभागातल्या प्रयोगशाळा परिचरांची. पन्नास मिलीच्या ब्युरेटऐवजी (द्रावण थेंबथेंब सोडायची मापाची नळी) दहा मिलीची घ्यायची आणि काचनळी ज्योतीवर ओढून तिला बारीक टोक करायचं, हे त्यांनीच शोधलं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी सरांना ते दाखवलं तेव्हा ‘तुम्ही बाटल्या धुवा’ असं उत्तर मिळालं होतं. त्या दिवशी शिपाई रजेवर होता म्हणून मी अभिनंदन करत असताना चहाचा ट्रे घेऊन दारात तेच उभे होते.

विभागप्रमुख संस्थेच्या जवळचे आहेत, महाविद्यालय विकास समितीवर (सीडीसीवर) निवडून आलेले आहेत. मी काय करू? आणि लोकांनी बोलावं म्हणून आणखी काय करायला हवं?

– एक प्राचार्या

*

मॅडम,

तुमच्या पेटीतली ती चौथी चिठ्ठी मी पुन्हा पुन्हा वाचली. तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत, पण त्या तीन शब्दांत दोन्हींचं उत्तर आहे. तुमच्या महाविद्यालयात कल्पनांची वाण नाही. याआधी ज्यांनी कल्पना आणली त्यांचं काय झालं हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त तुम्हाला ठाऊक नव्हतं, कारण तुम्ही बाहेरून आलात. आता कळलं आहे. तेव्हा नवीन काही मागण्याआधी जुन्याचा हिशेब पुरा करा.

मीही अकरा वर्षं त्या खुर्चीवर होतो, म्हणून हे लिहिताना हात जरा जड झाला आहे. एक गोष्ट सांगतो. आमच्या ग्रंथपाल बाईंनी सुचवलं की परीक्षेच्या महिन्यात अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावी. मी स्नेहसंमेलनाच्या स्टेजवरून जाहीर करून टाकलं, टाळ्या घेतल्या. पण शेवटची एसटी साडेसातला जाते, गेटवर एकच वॉचमन आहे, मुलींना घरी सोडायची सोय नाही, यातलं काहीही मी पाहिलं नाही. बाईंनी पाहिलं होतं. त्यांच्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर ते सगळं लिहिलेलं होतं. मी पहिलंच पान वाचलं होतं. पंधरा दिवसांत अभ्यासिका ओस पडली आणि संस्थेच्या बैठकीत चेअरमननी विचारलं, ‘ही कोणाची कल्पना?’ मी म्हणालो, ‘ग्रंथपालांची.’ वाक्य खरं होतं, पण त्या जागी ते बोलणं हा अन्याय होता. निर्णय माझा होता, चूक माझी होती. बाई निवृत्त होईपर्यंत पुन्हा कधीही अर्ज घेऊन आल्या नाहीत. त्यानंतरची सहा वर्षं आमच्या ग्रंथालयाबद्दल एकही तक्रार माझ्याकडे आली नाही आणि मी ती शांतता चांगल्या कारभाराची खूण समजत राहिलो.

ती खूण तशी नसते. १९९०च्या दशकात एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करत होत्या. औषधं देताना चुका कुठे होतात ते पाहायचं होतं. अंदाज असा की जिथे गट एकदिलाचा, तिथे चुका कमी. आकडे उलटे निघाले. चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. प्रमुख परिचारिका अंगावर येत नाही, हे ठाऊक असल्यामुळे बाकीच्या बोलत होत्या. तुमच्या मीटिंगमधल्या खाली घातलेल्या माना मला या बाजूने वाचाव्याशा वाटतात. तुम्ही अंगावर जात नाही, हे तुमच्या पत्रावरून कळतं. पण त्यांनी तुम्हाला एकच वर्ष पाहिलं आहे आणि त्या खुर्चीला वीस वर्षं पाहिलं आहे.

आता परिचरांचं. त्यांनी केलं ते काम किती बारकाईचं आहे हे आधी नीट समजून घ्या, कारण ते समजल्याशिवाय तुमच्या तोंडी आलेलं कौतुक त्यांना पोकळ वाटेल. टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून प्रमाण काढताना, द्रावण कमी घ्यायचं, हा विचार नवा नाही. जगभर छोट्या प्रमाणावरचं रसायनशास्त्र शिकवतात. अडचण वेगळी असते. साध्या ब्युरेटच्या टोकातून पडणारा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो. रीडिंग दहा मिलीचं असेल तर एका थेंबाची चूक अर्धा टक्का. रीडिंग दोन मिलीवर आणलं की तोच थेंब अडीच टक्के खातो आणि मुलांची उत्तरं जुळेनाशी होतात. म्हणजे नुसती ब्युरेट छोटी करून भागत नाही, थेंब छोटा करावा लागतो. त्यासाठी त्यांनी ज्योतीवर काच ओढून बारीक टोक काढलं. हे हात वर्षानुवर्षं काचेशी खेळल्याशिवाय येत नाही. टेबलाच्या अलीकडे उभं राहून निबंध वाचणाऱ्याला ही अडचण दिसतही नाही. मोडलेल्या ब्युरेटी, वाया गेलेलं द्रावण आणि मोरीतून वाहून जाणारं आम्ल रोज ज्याच्या डोळ्यांसमोर असतं त्यालाच ती दिसते.

तेव्हा पहिलं काम: त्यांच्याकडे जा. बोलावू नका, जा. प्रॅक्टिकलची बॅच नसेल अशा वेळी प्रयोगशाळेत जाऊन म्हणा, ‘मला ते टोक कसं काढता ते दाखवा.’ पाहून झाल्यावर सांगा की मीटिंगमध्ये मी चुकीच्या माणसाचं नाव घेतलं, मला माहीत नव्हतं, आता कळलं आहे. आणि मग विचारा, ‘तुम्हाला काय हवं आहे?’

हा प्रश्न वगळू नका. न्याय करण्याच्या उत्साहात आपण पुढच्या मीटिंगमध्ये उभं राहून सत्य जाहीर करून टाकतो आणि तो माणूस उरलेली नोकरी त्याच विभागप्रमुखाच्या हाताखाली काढतो. रजेचा अर्ज त्यांच्या सहीने, गोपनीय अहवालातला पहिला शेरा त्यांचा. कदाचित परिचर म्हणतील, जाऊ द्या मॅडम. तसं म्हणाले तर एक आठवडा थांबून पुन्हा विचारा. पहिल्या वेळचं ‘जाऊ द्या’ हे भीतीचं असतं. दुसऱ्यांदाही तेच म्हणाले तर मान राखा, पण त्यांच्या व्यक्तिगत फाइलीत तुमच्या सहीचं एक पत्र जाऊ द्या. काम काय केलं, कधी केलं, त्याने विभागाचा काय फायदा झाला, असं सविस्तर. ‘उत्कृष्ट सेवेबद्दल अभिनंदन’ छापाचं नको. प्राचार्य बदलतात, फाइल राहते.

विभागप्रमुखांशी बोलणं अवघड आहे, ते टाळू मात्र नका. चारचौघांत नको, चेअरमनसमोर तर नकोच. एकटे बोलवा, समोर बसवा. त्यांना चोर ठरवून सुरुवात केलीत तर बोलणं पहिल्या मिनिटाला संपेल आणि संध्याकाळी संस्थेच्या ऑफिसातून तुम्हाला फोन येईल. माझा तर्क असा की त्यांना स्वतःला ही चोरी वाटतच नसेल. आपल्या व्यवस्थेनेच त्यांना तसं शिकवलं आहे. शिक्षकाला कॅसच्या, म्हणजे बढतीच्या योजनेच्या, फाइलीत शोधनिबंधाचे गुण मिळतात. आयक्यूएसीला नॅक मूल्यांकनाच्या सातव्या निकषासाठी दोन उत्तम पद्धती दाखवायच्या असतात. परिचराच्या बढतीत या कामाला कुठे रकानाच नाही. ज्याच्या नावाला रकाना आहे त्याच्या नावावर काम जमा होतं आणि कोणाला काही खटकतही नाही. हे मी त्यांची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. ‘बाटल्या धुवा’ हे त्यांनी तोंडाने म्हटलं, ते कोणत्याही रकान्याने म्हणायला लावलं नव्हतं.

त्यांना सांगा, ‘सर, निबंध तुम्ही लिहिलात, आकडेमोड तुमची, मुलांच्या बॅचवर पद्धत बसवलीत तीही तुम्ही. पण मूळ रचना त्यांची आहे आणि हे विभागात सगळ्यांना माहीत आहे. यंदाच्या अहवालात दोघांची नावं जातील. पुढचा निबंध झाला तर त्यात ते सहलेखक असतील.’ विचारू नका, सांगा. आवाज न चढवता सांगा. बहुतेक जण अशा वेळी सुटका झाल्यासारखं मान्य करतात, कारण ते ओझं त्यांनाही जाणवत असतं. ते अडले तर मात्र मागे हटायचं नाही. गेल्या वर्षीचा अहवाल जमा झाला असला तरी महाविद्यालयाचं वार्षिक वृत्त तुमच्या हातात आहे, यंदाचा अहवाल तुमच्या सहीने जाणार आहे. त्यात कोणाचं नाव यावं हे ठरवायला संस्थेची परवानगी लागत नाही.

आणि हो, मीटिंगमध्येही बोलायचं आहे, परिचरांची हरकत नसेल तर. पण ते विभागप्रमुखांबद्दल नको, स्वतःबद्दल बोला. ‘फेब्रुवारीत मी अर्धवट माहितीवर अभिनंदन केलं. ही पद्धत मुळात यांनी शोधली.’ एवढंच. त्यांना त्या वेळी सभागृहात बसायला खुर्ची असू दे. चहा मीटिंगच्या आधी किंवा नंतर होऊ दे, किंवा थर्मास मधल्या टेबलावर ठेवा आणि ज्याचा त्याने घेऊ दे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपल्या महाविद्यालयांत जो माणूस मीटिंगमध्ये वावरतो, सगळं ऐकतो, पण बसत नाही, तो चहा देणारा. आपण त्याला मामा म्हणतो, मावशी म्हणतो, प्रेमानेच म्हणतो, आणि त्या प्रेमाच्या आड त्याचं मत कधी विचारत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लोकांनी बोलावं कसं.

पेटी काढून टाका. ती ज्या भिंतीवर आहे ती प्राचार्यांच्या दाराशेजारची भिंत. तिच्यात चिठ्ठी टाकणारा ऑफिसमधल्या सगळ्यांना दिसतो. आणि पेटी उत्तर देत नाही, हा तिचा मोठा दोष. माणसाला नकार चालतो. ‘पाहू’ चालत नाही. ‘पाहू’ म्हणजे नाही, हे तो दोन-तीनदा ऐकून शिकतो आणि मग थांबतो.

पेटीच्या जागी एक साधी वही ठेवा, आडव्या रेघांची, ऑफिसात. कोणी, कधी, काय सुचवलं. त्याचं काय केलं. नाही केलं तर का नाही. उत्तर पंधरा दिवसांत, तुमच्या हस्ताक्षरात. वही कोणालाही उघडून पाहता आली पाहिजे. पहिल्या पानावर त्या चौथ्या चिठ्ठीचं उत्तर लिहा. निनावी आहे म्हणून सोडू नका. मागच्या पाच वर्षांत कोणी काय सुचवलं होतं ते हेडक्लार्कना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं, आणि एकेकाची नोंद करून पुढे काय झालं ते लिहा. ‘दुर्लक्ष झालं’ असं लिहावं लागलं तर तसंच लिहा.

हेडक्लार्कवरून आठवलं. ऑफिसमधल्या लोकांना आपण कल्पना विचारतच नाही, जणू नवं सुचण्याचा मक्ता फक्त वर्गात शिकवणाऱ्यांकडे आहे. आमच्याकडे दर वर्षी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचे अर्ज अडकायचे. मुलं जानेवारीत रडत यायची. आम्ही प्राध्यापकांची समिती नेमली, तिने जनजागृती कार्यक्रम सुचवला, कार्यक्रम झाला, पुष्पगुच्छ झाले, अर्ज अडकायचे ते अडकलेच. ते काम बघणारा कनिष्ठ लिपिक एकदा माझ्याकडे सहीसाठी आला असताना सहज बोलून गेला, ‘सर, निम्म्या मुलांचं आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं असतं. वडिलांनी कधीतरी काढलेल्या खात्याला. पैसे मंजूर होऊन तिकडे जातात, मुलाला कळतच नाही. प्रवेशाच्या वेळीच टेबल टाकून तपासलं तर?’ आम्ही जूनमध्ये टेबल टाकलं. एक खुर्ची, एक कॉम्प्युटर, तो स्वतः. पुढच्या जानेवारीत रडणारी मुलं अगदी थोडी होती. इतकी वर्षं त्याला हे माहीत होतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं, कारण समितीत घेण्याइतका तो मोठा नव्हता.

तुमच्या ऑफिसात, ग्रंथालयात, जिमखान्यात, गेटवर असे लोक बसलेले आहेत. त्यांना ‘नवकल्पना’ विचारू नका, त्या शब्दाने ते दबतात. विचारा, ‘मुलं तुमच्यापाशी येऊन सगळ्यात जास्त कशाबद्दल कटकट करतात?’ उत्तर ताबडतोब मिळेल.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांबद्दल तुम्ही लिहिलंत की ते मीटिंगला येत नाहीत. का यावं त्यांनी? त्यांना तासाचे पैसे मिळतात. मीटिंगच्या तासाचे मिळत नाहीत. दुपारी तीनच्या मीटिंगसाठी थांबायचं तर दुसऱ्या कॉलेजातला तास बुडतो. दर वर्षी मुलाखत, दर वर्षी नवी ऑर्डर, मानधन कधी हातात पडेल त्याचा भरवसा नाही. मीटिंगमध्ये कोणाला न पटणारं काही बोललं तर पुढच्या जूनमध्ये आपलं नाव यादीत असेल का, हा विचार त्यांच्या मनात येणारच. कायद्यानेही त्यांना जागा दिलेली नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे महाविद्यालय विकास समितीवर तीन शिक्षक निवडून जातात, त्यांत किमान एक महिला असते, पण निवडून देतात ते पूर्णवेळ शिक्षक. निम्म्याहून जास्त शिकवणारे त्या मतदानाबाहेर.

आणि नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आला तेव्हा त्याचा भार कोणावर पडला, आठवा. कौशल्याचे नवे पेपर, फील्ड प्रोजेक्ट, ज्याला पुस्तक नाही, जुन्या नोट्स नाहीत, असे तास बहुतेक ठिकाणी तासिकेवर शिकवणाऱ्या या मुलामुलींकडे गेले. कुठे काय चालत नाही हे त्यांना सगळ्यात आधी कळतं. त्यांना फुकट बोलवू नका. महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीतून मीटिंगच्या तासाचं मानधन देता येतं का ते सीडीसीत मांडा. जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि मीटिंग त्यांच्या दोन तासांच्या मधल्या वेळेत, अर्ध्या तासाची घ्या. त्यांनी काही चांगलं उभं केलं तर त्यांच्या नावानिशी, तारखेनिशी पत्र द्या. पुढच्या मुलाखतीला, मग ती तुमच्याकडे असो की दुसरीकडे, ते पत्र त्यांच्या हातात असेल. ऑर्डर कायम करणं तुमच्या हातात नाही, पण पत्र देणं आहे.

सीडीसीचा विषय निघालाच आहे तर तिथला शिक्षकेतर प्रतिनिधी पाहा. कलम ९७ त्याला निवडून येण्याचा हक्क देतं, वर्षाला किमान चार बैठकाही सांगतं. तुमच्याकडचा प्रतिनिधी त्या बैठकांत किती वेळा बोलला? मला वाटतं, सही करतो आणि जातो. विषयपत्रिका इंग्रजीत असते का? इतिवृत्त इंग्रजीत असतं का? आमच्याकडे असायचं, आणि मला त्यात काही गैर आहे असं कित्येक वर्षं वाटलंही नाही. मराठीत करा. बैठकीच्या आठवडाभर आधी द्या. आणि चर्चेत पहिल्यांदा त्याला बोलू द्या, मग शिक्षकांना, मग संस्थेच्या लोकांना. तुम्ही सगळ्यात शेवटी. प्राचार्य आधी बोलल्या की पुढे फक्त मान डोलावणं उरतं. हे स्टाफ मीटिंगलाही लावा. ज्येष्ठतेने बोलायची आपली सवय मोडायला दोन-तीन बैठका जातील, ज्येष्ठांना राग येईल, येऊ द्या.

पैशाचं एक काम लगेच करून घ्या. छोट्या प्रयोगांसाठी, एका प्रयोगाला पाच हजारांपर्यंत, तुमच्या अधिकारात खर्च करायची मंजुरी सीडीसीकडून वर्षासाठी एकदाच घेऊन ठेवा. हिशेब द्यायचा, पण दर वेळी ठराव नको. आपल्याकडच्या बऱ्याच कल्पना विरोधाने मरत नाहीत, दीडशे रुपयांच्या वस्तूसाठी तीन कोटेशनं मागवता मागवता मरतात.

हे सगळं केलंत तर महाविद्यालयात गोडीगुलाबी नांदेल, अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. लोक बोलायला लागले की भांडायलाही लागतात. पुण्यात १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघालं, तेव्हा शिकवणारेच संस्था चालवत होते. आजीव सदस्य, सगळ्यांना सारखं वेतन, प्रत्येकाला बोलायचा सारखा अधिकार. आणि तिथेच वाद किती पेटले. सदस्यांनी बाहेरून कमाई करावी की नाही, यावरून टिळक १८९० मध्ये बाहेर पडले. ही माणसं भांडकुदळ होती म्हणून असं झालं नाही. संस्था आपली आहे असं प्रत्येकाला मनापासून वाटत होतं. तुमच्याकडे अजून कोणी भांडत नाही, याची मला जास्त काळजी वाटते. उद्या कनिष्ठ लिपिक ज्येष्ठ प्राध्यापकांना मीटिंगमध्ये म्हणाला की तुमची पद्धत चुकते आहे, तर तुमची परीक्षा त्या क्षणी असेल. त्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं आणि प्राध्यापकांचा मानही ठेवायचा. दोन्ही जमतं. सवयीने जमतं.

आणि प्रयोग फसेल तेव्हा काय करायचं ते माझ्या अभ्यासिकेवरून घ्या. संस्थेच्या बैठकीत ‘कोणाची कल्पना’ असा प्रश्न येईलच. उत्तर एकच: ‘मंजुरी माझी होती.’ यश आलं तर नाव त्यांचं सांगायचं. तुमची मुदत पाच वर्षांची आहे, त्यातलं एक गेलं. चेअरमनना तुम्ही असं एकदा सांगितलंत की ती बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी स्टाफरूममध्ये पोचलेली असेल. ती पोचली की तुमच्या वहीत नोंदी वाढतील.

आयक्यूएसीच्या समन्वयकांनाही एकदा शेजारी बसवा. त्यांच्यावर अहवालाचं दडपण असतं, म्हणून ते फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘उत्तम पद्धती’ शोधत फिरतात आणि जे छान लिहिलेलं सापडेल ते घालतात. त्यांना सांगा की यंदापासून प्रत्येक नोंदीसोबत एक ओळ हवी: हे प्रत्यक्ष कोण करतं. लिहिणारा आणि करणारा वेगळे असतील तर दोघांची नावं. एवढ्या एका ओळीने तुमचा फेब्रुवारीतला प्रसंग टळला असता.

उद्या मात्र यातलं बाकी काही करू नका. उद्या प्रयोगशाळेत जा. बारीक टोकं लवकर मोडतात. गेल्या तीन वर्षांत त्या नळ्या परिचरांनी कुठून आणल्या, स्वतःच्या खिशातून आणल्या का, ते विचारा. मंजुरी मिळायला वेळ लागेल, तोवर काचनळ्यांच्या ऑर्डरवर तुमच्या नेहमीच्या अधिकारातच सही करा. किती नग आणि कोणत्या जाडीच्या, ते त्यांनाच लिहू द्या.

– तुमचा, एक निवृत्त प्राचार्य